मुशीच्या तेलाची गाडी

माझा स्वभाव तापट. बायको म्हणायची, दुकानाच्या पाटीवर 'ऑटो इलेक्ट्रिक' लिहिलंय, त्याच्याखाली 'शॉक लागेल' असंही लिहून टाका. नव्वदच्या दशकात बोईसर-तारापूर रस्त्यावर माझं वायरिंगचं दुकान होतं. ट्रक, टेम्पो, रिक्षा यायच्या. बॅटरी, डायनॅमो, हॉर्न यापलीकडे मला फारसं येत नव्हतं, पण येत नाही असं मी कुणाला सांगत नव्हतो.

त्या काळात एका रंगाच्या कारखान्याच्या मालकांनी मुंबईहून एक जुनी जपानी गाडी विकत आणली. तिला क्लच नव्हता. गिअर आपोआप पडायचे आणि कुठला कधी पाडायचा ते गाडीतला छोटा कॉम्प्युटर ठरवायचा. आमच्याकडे असली गाडी कुणी पाहिली नव्हती. पोरंटोरं सोडा, कारखान्यातले सुपरवायझरसुद्धा वाकून वाकून तिचे दोनच पायडल बघून जायचे. गाडीवर ड्रायव्हर होता जवळच्याच समुद्रकाठच्या नवापूरचा, मासेमारी करणाऱ्या घरातला. दर्याला न जाता महिन्याच्या पगारावर राहिलेला त्याच्या घरातला तो पहिलाच. गाडीला तो इतका जपायचा की मालकांनी दार जरा जोरात लावलं तरी त्याचं तोंड वाकडं व्हायचं.

पावसाळा सरला आणि गाडी बिघडली. जागेवरून उठायलाच मागेना. आधीच वरच्या गिअरमध्ये असल्यासारखी रडत रडत निघायची. मालक ती घेऊन दुकानापाशी थांबले आणि काय झालं असेल म्हणून विचारलं. मी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. "ड्रायव्हरनं गिअरबॉक्स खाल्ला," म्हणालो. "क्लचच्या सवयीनं डावा पाय ब्रेकवर ठेवून चालवत असणार. जळला आतून." खरं तर असला गिअरबॉक्स मी जन्मात पाहिला नव्हता. ड्रायव्हर शेजारीच उभा होता.

माझ्या शब्दाला मालकांनी भलतीच किंमत दिली. सोमवारी मुंबईचा मेकॅनिक येऊन गिअरबॉक्स उतरवणार आणि ड्रायव्हरनं शनिवारी किल्ली देऊन घरी बसायचं, असं ठरलं. गुरुवारी दुपारी मी जेवणाचा डबा उघडला होता, तेवढ्यात तो गाडी घेऊन हजर.

"तुमीच बोललात ना, आता तुमीच बघा," तो म्हणाला.

"जेवू तरी देशील का?" मी खेकसलो.

"जेवा. मी थांबतो." आणि खरंच थांबला. मग हळूच म्हणाला, "नोकरी जाते तं जावंदे. दर्या काय कुठं गेला नाय. पन गाडी मी मारली असा नका बोलू. माझा डावा पाय कदी हललाच नाय."

भाकरी तशीच झाकून ठेवली. या माणसाची भाकरी मी एका वाक्यात काढून घेतली होती, तीही आपलं अज्ञान झाकायला. मला माझीच लाज वाटली.

चालवताना समोरचा एक पिवळा दिवा लुकलुकतो, असं तो म्हणाला. तेव्हा आठवलं, मुंबईच्या एका स्पेअर पार्टवाल्यानं मला अशा गाड्यांच्या माहितीचं एक झेरॉक्स पान दिलं होतं. तासभर शोधल्यावर ते सापडलं. बॉनेटखालच्या एका डबीतली दोन भोकं वायरच्या तुकड्यानं जोडायची, किल्ली फिरवायची आणि तो दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. गाडीला कुठं दुखतंय त्याचा आकडा ती सांगते म्हणे. मला हे सगळं थोतांड वाटलं होतं.

वायर जोडली, किल्ली फिरवली. दिवा लागायला लागला.

"आठ," मी म्हणालो. पानावर आठ नंबरच नव्हता. मी पान लिहिणाऱ्याला शिव्या घातल्या.

"आठ नाय," सीटवर बसलेला ड्रायव्हर म्हणाला. "सहा झालं, जरा थांबला, मंग दोन. परत बघा."

परत बघितलं. सहा, मग दोन. बासष्ट. पानावर लिहिलं होतं: गिअर बदलणाऱ्या पहिल्या व्हॉल्व्हची वायर तुटलेली किंवा शॉर्ट. गिअरबॉक्स जळल्याचं अवाक्षरही नव्हतं.

मी मीटर घेऊन गाडीखाली घुसलो. व्हॉल्व्हची कॉइल शाबूत होती. मग वायर चाचपत पुढे सरकलो, तर मध्येच ती कुरतडलेली. दोन उघडी टोकं लोंबत होती आणि शेजारी उंदराच्या लेंड्या. पण माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेलं. सगळीकडून माशाचा वास येत होता. हात लावला तर बोटाला चिकट, काळपट तेल लागलं.

"हे काय रे?"

"मुशी माशाचा तेल," तो अभिमानानं म्हणाला. "होडीला आमी पावसाच्या आधी चोपडतो, लाकूड कुजत नाय. हिला खारा वारा लागतो, गंज चढंल म्हनून खालून सगळीकडं लावला. वायरीला पन."

मी गाडीखालून बाहेर आलो आणि वायर उंदरांनी कुरतडल्याचं त्याला सांगितलं. त्याला कळायला जरा वेळ लागला. मग त्याचा चेहरा उतरला. खाली बसला आणि म्हणाला, "म्हंजे उंदरांना मीच जेवन वाढला."

"हे मालकांना सांगायचं नाही," मी म्हणालो. "उंदीर काय, कुठंही असतात."

वायर जोडून झाळली, वर नळी चढवली, सगळं तेल रॉकेलनं पुसून काढलं. गाडी पाचमार्गाच्या दिशेनं नेली तर गिअर एकामागून एक लोण्यासारखे पडत गेले. तिथून तसेच आम्ही कारखान्यात गेलो. मालक बाहेर आले. वायर उंदरानं खाल्ली होती, गिअरबॉक्सला काही झालेलं नाही, असं मी सांगितलं.

"पण जळला असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

"चुकलं माझं," मी म्हणालो. "न बघता बोललो. याचा काही दोष नाही."

"हाय, शेट," मागून ड्रायव्हर म्हणाला. "उंदीर माज्यामुळं आले." आणि मुशीच्या तेलाची सगळी हकीगत त्यानं सांगून टाकली. मला असा संताप आला! चांगला काठाला लावला होता, तर पठ्ठ्यानं स्वतःहून परत उडी मारली.

मालक वाकले, गाडीखाली नाक नेऊन वास घेतला. उठले तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "अरे, चार महिने मी समजतोय हा वास कारखान्यांचा आहे!" म्हणाले. मग हसू दाबत म्हणाले, "पुन्हा तेल लावू नकोस. सोमवारी सकाळी मुंबईला जायचंय, वेळेवर ये."

नोकरी राहिली. पण तो जागचा हलेना. किल्ली मुठीत धरून तसाच उभा.

"आता काय?" मालकांनी विचारलं.

"मी चालवून नाय ना मारली तिला, शेट?"

"नाही रे बाबा. चालवतोस तू चांगलीच."

त्याचे डोळे भरून आले. माझेही आले. मी हत्यारांची पिशवी उघडली आणि स्वच्छ असलेले पाने पुन्हा एकदा पुसायला घेतले.