पासवर्ड मीच काढला होता

सकाळपासून तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा जुन्या जीपच्या जाहिराती बघत बसलो. खरं कारण लाज. आता लिहितोच.

आमचं घर शनीच्या शिंगणापुरात, देवळाच्या वाटेवर. वहिनी घरूनच पुण्याच्या कंपनीचं काम करते. ऑफिसला जोडणारं तिचं व्हीपीएन सारखं तुटत होतं. साहेबांनी बजावलं होतं, पुन्हा मीटिंगमधून गायब झालात तर पुण्याला येऊन बसा. आणि घरात आठ महिन्यांचं लेकरू.

मी घरातला नेटचा जाणकार! इंटरनेटवाल्या गोरखदादाला गावाच्या ग्रुपवर सगळ्यांदेखत झापलं, "वायर बदल, न्हाई तर धंदा सोड." तो एवढंच म्हणाला, "तुझ्या घरी आता पाय ठेवत न्हाई."

आज सकाळीच वहिनीनं कधी कधी तुटतं ते लिहिलेली वही पुढं केली. "भाऊजी, शनिवारीच लई का तुटतं वो?"

राउटरला कोण कोण जोडलंय ते पाहिलं, तर छत्तीस मोबाईल! सगळे शनिवारच्या दर्शनाला आलेल्या भाविकांचे. मागं एका भाविकाला मीच ऐटीत म्हणालो होतो, "आमच्या घराला दार न्हाई, वायफायला पासवर्ड कशाला?" आणि काढून टाकला. मग भटकायला गेलो, विसरलो.

पासवर्ड टाकल्यापासून तीन तास लाइन तुटली नाही. वहिनीनं वही मिटली आणि मीटिंगला बसली.

गोरखदादाला सगळ्यांदेखत झापलं, तर माफी ग्रुपवर मागू की त्याच्या घरी जाऊन? तुम्ही काय केलं असतं?

थांबा. ओसरीवर गोरखदादा उभा आहे. खांद्यावर नव्या वायरचं वेटोळं.