आधी चांगला पाय

"शैला, मामा गेले गं तुझे…" फोनवर मामी म्हणाली. मी वॉर्डात सकाळची इंजेक्शनं देत होते. तीच पुढे म्हणाली, "आणि राणीची पट्टी बदलायची राहिलीये." राणी म्हणजे मामाची घोडी. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटेल, मला नाही वाटलं. त्या घरात घोडीचे पाय बघितल्याशिवाय कधी चहाचं आधणसुद्धा चढलं नाही. त्या फोनला आता सहा आठवडे झाले.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये मामाचा पत्र्याचा तबेला. एकच घोडी, वरातीची. गिऱ्हाईक बहुतेक सिंधी, त्यामुळे मामाच्या तोंडात 'साईं' पक्कं बसलेलं. अंबरनाथच्या शिवमंदिरात पिंडीसमोर हात जोडूनही म्हणायचा, "साईं, हिचे पाय सांभाळ." स्वतःसाठी त्याने काही मागितल्याचं मी तरी ऐकलं नाही. वरातीत नाचणारे बँडवाल्यांना पुढे सरकू देत नाहीत, नवरदेव चांगला शंभर किलोचा असतो, आणि घोडी बिचारी डांबरावर ताटकळत उभी. घरी आलं की मामा आधी तिच्या पायांवर गार पाणी सोडायचा. मग कापसाची गादी आणि वरून पट्टी, गुडघ्याच्या खालून सुरू करून खाली आणि परत वर. प्रत्येक वेढा सारखा. लग्नघरचं ताट तसंच झाकून ठेवलेलं असायचं.

गेल्या दिवाळीनंतर एका वरातीत राणीचा पाय खड्ड्यात गेला आणि पुढच्या डाव्या पायाची शीर ओढली गेली. डॉक्टर म्हणाले, बरेच महिने आराम, रोज पट्टी, तरी लंगडेपणा जाईलच असं सांगता येत नाही. त्याच सुमारास मामाचं हृदय कमजोर झाल्याचं निघालं. वाकला की धाप. म्हणून ड्युटी संपली की मी कात्रपला घरी जायच्या आधी तिकडे जायला लागले. मामा शिकवायला लागला तर मी म्हटलं, "वीस वर्षं माणसांना पट्ट्या बांधतेय, मला काय शिकवतोस!" आणि दुखऱ्या पायाला झकास पट्टी बांधून निघाले. दुसऱ्या दिवशी बघते तर राणीचा दुसरा, धडधाकट पाय सुजून टम्म.

मामा असा भडकला! "अगं शहाणे, तुझा पेशंट खाटेवर लोळतो. हिला उभं राहायचंय! दुखरा पाय बोंब मारतो म्हणून सगळे तिकडे धावतात. पण त्याचा भार घेतला कोणी? आधी चांगला बांध, मग दुखरा." मग त्याने स्वतः बसून दोन्ही पाय बांधले आणि पट्टीत दोन बोटं सरकवून दाखवली. जेमतेम जायला हवीत. सैल झाली तर घसरते, आवळली तर शिरेचा सत्यानाश. मी दोन दिवस फुगून बसले. तिसऱ्या दिवशी गेले आणि मुकाट्याने चांगल्या पायापासून सुरुवात केली.

शेवटचं भेटले तेव्हा मामा खाटेवर होता. घर नातेवाइकांनी भरलेलं, सगळे त्याच्याभोवती. मी प्रेशरचं यंत्र काढलं, तर त्याने हात मागे घेतला. "मामीला लाव."

"तुझं बघू दे ना आधी."

"आधी चांगला…" एवढंच म्हणाला आणि धाप लागली.

"मला काय धाड भरलीये?" मामी कुरकुरली. यंत्रावर बघते तर आकडा भलताच चढलेला. इतके महिने मी त्या घरात यंत्र घेऊन येत होते आणि मामीचा हात एकदाही हातात घेतला नव्हता. सरळच सांगते, लाज वाटली मला. त्याच संध्याकाळी तिच्या गोळ्या सुरू झाल्या. त्याच आठवड्यात मामा गेला.

घोडी देऊन टाका, असं सगळ्यांनी सांगून बघितलं. मामी म्हणाली, "आधी तिला नीट चालू दे, मग बघू." आता पट्ट्या तीच बांधते, पाटावर बसून, राणीशी बडबडत. गेल्या रविवारी डॉक्टरांनी राणीला गल्लीच्या टोकापर्यंत चालवलं. गेली आणि आली, सरळ! लंगडेपणाचं नावसुद्धा नाही. पुढच्या हंगामात एखादी छोटी वरात करायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले, तशी मामीने पोरीसारख्या टाळ्या पिटल्या.

मग मी तिचं प्रेशर बघितलं. उत्तम. यंत्र पिशवीत घालायला लागले, तर मामी म्हणाली, "थांब. तुझा हात दे."

"मला काय धाड भरलीये?"

"मीही हेच म्हणत होते. बस खाली."

वॉर्ड, घर, मुलं, सासूबाईंचं पथ्य, हा तबेला… माझं प्रेशर शेवटचं कोणी बघितलं होतं, मला आठवेना. मी बसले. मामीने माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, हळूच त्याच्या आत दोन बोटं सरकवून बघितली, आणि मामा गेल्यापासून पहिल्यांदाच मला रडू फुटलं.