आबांचा दहा मिनटांचा थांबा

माझ्या वडलांनी, आबांनी, उभा जन्म एस.टी.त कंडक्टरकी केली. बीडचं कंकालेश्वर, गावाबाहेरची खजाना विहीर, अंबाजोगाईचा हत्तीखाना, धारूरचा किल्ला, सगळ्यांच्या शेजारून त्यांची गाडी गेली, पण आत ते एकदाही गेले नाहीत. "धारूरला गाडी दहा मिनटं थांबायची. किल्ला कवा बघू, चहा कवा पिऊ?" असं म्हणायचे. म्हणून ते रिटायर झाल्यावर मी ठरवलं, की रविवारी आबांना आणि आईला एकेक ठिकाण दाखवायचं. मी बीडच्या कोर्टात कारकून आहे, रविवार तेवढा माझा असतो.

पण आबा रिटायर झाले तरी त्यांचं घड्याळ ड्यूटीवरच होतं. कंकालेश्वरला तळ्यातलं देऊळ बघून आई हरखली. पायरीवर टेकून तिनं धपाट्यांचं फडकं सोडायला घेतलं, तोच आबा उठले. "चला, टायम झाला." कसला टायम? घर रिक्षानं पाच मिनटांवर! खजाना विहिरीवर तेच. हत्तीखान्यात आम्ही दगडी हत्ती धड बघतोय न बघतोय, तोवर हे फाटकाशी उभे, बोटानं आम्हाला मोजत. "दोन शिटं. चला." प्रवाशाला ते आजही शीटच म्हणतात. धपाटी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, सगळं जसंच्या तसं घरी परत.

मी चिडायचे. "आबा, इथं कोण बेल मारणार हाय?" ते नुसते हसायचे. जित्याची खोड.

आई मात्र फडक्याची गाठ पुन्हा बांधायची. अंबाजोगाईहून येताना बसमध्ये आबांना डुलकी लागली, तेव्हा ती हळूच म्हणाली, "मला किल्ले न्हाई बघायचे गं. लग्न झाल्यापासून ह्यांच्यासंगं एकदा निवांत बसून जेवले न्हाई. दोन घास खायचे की निघाले ड्यूटीला. आता धारूरलाबी तसंच झालं तर मी काय पुन्हा येणार न्हाई." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आपली त्यांना इतिहास दाखवत फिरत होते!

धारूरच्या स्टँडवर चहावाल्यानं लांबूनच हाक मारली. "जयभीम मास्तर! आज बिनगाडीचे?" आबा लई खुलले. मला वाटलं, आज जमतंय. किल्ल्यात चढून गेलो, तळ्याकाठी पडक्या तटाची सावली बघून बसलो. आईनं फडकं सोडलं. आबांनी मनगट वर केलं.

"चला."

"तुमी व्हा म्होरं," आई म्हणाली. तिनं वरसुद्धा बघितलं नाही.

आबा खरंच निघाले. दरवाजाकडं चाललेली ती पाठ बघून मला त्यांचा असा राग आला, की हाक मारायलाही तोंड उघडेना. आईनं शांतपणे तीन कागदांवर तीन धपाटी मांडली. तिसऱ्या कागदावर वाऱ्यानं उडू नये म्हणून खडा ठेवला.

थोड्या वेळानं चपलांचा आवाज आला. आबा धापा टाकत परत येत होते.

"कशापायी आलात परत?" आईनं विचारलं.

"शीट मागं ठिवून मी कदी बेल मारली न्हाई," ते म्हणाले, आणि मांडी घालून बसले.

आबांनी दुसरं धपाटं मागितलं, मग तिसरं. कांदा त्यांनी स्वतः बुक्कीनं फोडला, मोठा तुकडा आईपुढं सरकवला. शेवटी आईच काळजीनं म्हणाली, "आवो, बीडची गाडी जाईल की."

"जाऊ दे," आबा तोंडातला घास चावत म्हणाले. "मागून दुसरी हाय."

हे वाक्य त्यांनी जन्मभर फाट्याफाट्यावरच्या लोकांना ऐकवलं होतं. आईला आज पहिल्यांदा ऐकवलं. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली, आणि मी दोघांकडं पाठ करून तळं बघत बसले.