लगीनमामींचा एकच प्रश्न

लगीनमामींच्या पाया पडलं, की आशीर्वादाच्या आधी प्रश्न यायचा, "लगीन व्हयनं का तुन्हं?" मग समोर एसटीचा कंडक्टर असो की भाजीवाली. एकदा नव्या तहसीलदारांनाही विचारलं. ते बिचारे लाजून म्हणाले, "दोन मुलं आहेत मला." मामी कसल्या ऐकतात! "पोरं नही इचारी ऱ्हायनी मी, लगीन इचारी ऱ्हायनी."

शहाद्यात चर्चच्या मागे त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. मामा कधीच गेलेले, मूलबाळ नाही. लोणखेड्याच्या कॉलेजात शिकायला मी तोरणमाळच्या डोंगरातून खाली आले आणि नात्यातली नसतानाही मामींनी मला ठेवून घेतलं. आम्ही ख्रिस्ती नव्हतो, पण ते त्यांनी कधी काढलं नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेत मात्र त्या माझं नाव घ्यायच्या, माझ्यानंतर शेळीचं.

जिल्ह्यातल्या चार-पाच ख्रिस्ती मंडळ्यांनी मिळून कुटुंबरक्षणासाठी एक संघ काढला होता. घटस्फोट सोपा करू नका, दारूची दुकानं वाढवू नका, लग्नाविना राहणाऱ्यांना कुटुंब म्हणू नका, अशी निवेदनं घेऊन ही माणसं कलेक्टर कचेरीत जायची. मामी अध्यक्ष. त्या बोलायला उभ्या राहिल्या की साहेब खडखडणारा पंखा बंद करायला सांगायचे. त्यांची मतं मला जाचक वाटायची आणि मी भांडायचेही. "भांड, पण आधी जेव," म्हणायच्या.

एकदा आई मला भेटायला आली. मामींनी भाकरी थापता थापता विचारलंच. आई सहज म्हणाली, "राहिलंय अजून. पोरीचं होईल तेव्हा एकाच मांडवात उरकू." आमच्या आदिवासी पाड्यांत देज, म्हणजे मुलीच्या बापाला द्यायचं मोल, ठरलं, मुलगी नांदायला आली, की संसार सुरू होतो. मांडव सवडीने पडतो, कधी मुलांच्या लग्नात आईबापही हळद लावून घेतात. मामींची तव्यावरची भाकरी करपली. करपलेली त्यांनी स्वतः घेतली आणि आईला दुसरी, तूप लावून दिली.

पुढच्याच पावसाळ्यात बाबा कावीळ होऊन गेले. मामी जीपने घाट चढून आल्या. अंगणात माणसं बसलेली, आणि तेवढ्यात काकांनी विषय काढला. बाबांच्या नावावरची वनजमीन आपल्याला हवी म्हणाले. "लग्नच झालं नाही, तर ही बायको कसली?" माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी मामींकडे पाहिलं. त्यांचाच प्रश्न काकांच्या तोंडून आला होता. त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला. त्या दिवशी त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कचेरीत सुनावणी होती. रीतीने एकत्र राहणाऱ्या, पण लग्न न लागलेल्या जोडप्यांना सरकारने कुटुंब मानावं का, यावर सगळ्या संस्थांची मतं मागवली होती. संघाचं मत ठरलेलं होतं, नाही. आई आणि मी मागे बसलो होतो.

पंखा बंद झाला. मामी म्हणाल्या, "लग्न करायलाच पाहिजे, हे मी मरेपर्यंत सांगेन. संघही तेच सांगतो. पण मागे बसलेल्या त्या बाईनं नवऱ्याचं दुखणं काढलं, त्याची पोर वाढवली." मग त्या घरच्या बोलीवर आल्या. "हाई घर नही, त मंग घर काय शे?"

संघाने नवा अध्यक्ष निवडला. मला वाटलं मामी चिडतील, तर घरी येऊन हमसून रडल्या. पुढच्या सभेला मात्र सगळ्यांत आधी जाऊन त्यांनीच सतरंजी अंथरली. "संघ मन्हाच शे," एवढंच म्हणाल्या.

नियमाचं काय झालं, देव जाणे. पण काकांचा बंदोबस्त मामींनी केला. पुन्हा घाट चढून आल्या, काकांच्या ओट्यावर ठाण मांडून बसल्या आणि भर अंगणात विचारलं, "आनि तुन्हं? लगीन व्हयनं का?" काका खाली बघायला लागले. त्यांचाही मांडव राहिलेलाच होता! काकूच आधी हसली, मग सगळा पाडा. त्यानंतर आईच्या जमिनीचं नाव कुणी काढलं नाही. तिथे आई आजही मका पेरते.

मामींची सगळीच मतं मला पटली नाहीत, आजही पटत नाहीत. पण माझं शिक्षण आणि आईची जमीन, दोन्ही त्यांच्यामुळे. हे उपकार फिटायचे नाहीत.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. कबरीपाशी संघाची सगळी माणसं आली होती. पाळक म्हणाले, "घरच्यांनी आधी माती द्यावी." माणसं एकमेकांकडे बघायला लागली, कारण मामींचं घरचं असं कोणीच नव्हतं. तेवढ्यात आई वाकली, मूठभर माती उचलली आणि पुढे झाली. संघाच्या बायकांनी बाजूला होऊन तिला वाट दिली.

तुम्ही कोण लागता, असं तिला कुणीही विचारलं नाही.