‘बघतो’ म्हणालो होतो

वैशालीवहिनीचा नागपूरहून फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये रांगेत उभा होतो. “भाऊजी, हे गेले... सकाळीच. अटॅक आला.” माझा मित्र शिरीष, वय अडतीस. इथे आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या ल्यूकनमधल्या आपल्या मंडळींनी शोकसभा घेतली. ‘सदा हसतमुख’ वगैरे झालं. शिरीष हसतमुख नव्हता, तिरसट होता. मीही दोन शब्द बोललो, तेही तसलेच.

रविवारी आम्ही बसने डब्लिनच्या चित्रसंग्रहालयात जायचो, फुकट आणि उबदार म्हणून. शिरीष थांबायचा तो एकाच डच चित्रापुढे. सतराव्या शतकातली आरमारी लढाई, तोफांचा धूर, तुटलेल्या डोलकाठीला धरून तरंगणारी माणसं. मी जहाजांवरचे झेंडे बघत बसायचो. “अबे, तिकडं काय पाहतो? हा कोपऱ्यातला पाह.” कोपऱ्यातल्या छोट्या होडीत एकजण मांडीवर कागद घेऊन बसलेला. तो म्हणे खुद्द चित्रकार, लढाई टिपायला आरमाराबरोबर गेलेला. “लोकं बुडून राहिले अन् हा चित्र काढून राहिला! दोर तरी टाक ना बाप्पा!” असं म्हणून पोट धरून हसायचा.

मग मंदी आली आणि शिरीषची नोकरी गेली. इथे राहायचं परमिट नोकरीला बांधलेलं. माझ्या टीममध्ये एक जागा होती. शब्द टाकशील का, असं त्याने विचारलं. त्याने कुणाकडे काही मागितलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. पण मला भीती त्याच्या जिभेची. उद्या मॅनेजरशी भांडला तर नाव माझं खराब. मी म्हणालो, “बघतो.”

आमच्या पुण्यात ‘बघतो’ म्हणजे ‘नाही’, हे शेंबडं पोरही सांगेल. नागपूरच्या माणसाला ते वचन वाटलं. दोन महिने तो थांबला, दुसरीकडे एक अर्जही न करता. मला ते दिसत होतं. तरी गप्प राहिलो, कारण वाईटपणा नको होता... जागा दुसऱ्याला गेली, परमिट संपलं. विमानतळावर मला म्हणतो, “तू तरी किती करशील बे!” टोमणा असता तर परवडला असता. तो मनापासून बोलत होता, आणि त्याबद्दल मला आजही त्याचा राग येतो. स्वतःची तर किळस येते.

परवा एकटाच संग्रहालयात गेलो. दारावरचा म्हातारा रखवालदार आम्हाला चेहऱ्याने ओळखतो. “युअर मॅन कुठाय?” त्याने विचारलं. इथल्या बोलीत त्याचा अर्थ एवढाच, की तो तुझ्याबरोबरचा कुठाय. माझ्या मराठी कानांना मात्र ‘तुझा माणूस’ असंच ऐकू आलं. “ग्रँड आहे,” मजेत आहे म्हणायची इथली रीत, तसंच मी म्हणालो, “घरी गेलाय.”

म्हातारा खूश झाला. “त्याला सांग हं, मी विचारत होतो म्हणून.”

“सांगतो,” मी म्हणालो.