मनन करताना गाळलेली ओळ

प्रार्थना मंडळातील बंधुभगिनींनो, आपण आळीपाळीनं लिहितो ती फिरती वही आज माझ्याकडे आहे, म्हणून आज सकाळचंच लिहितो.

माझ्या पत्नीचे, मार्थाचे, थोडेच दिवस उरलेत, असं नाशिकरोडच्या डॉक्टरांनी मला सांगितलं. मी तिला सांगितलं नव्हतं.

एकलहऱ्याला कामावर जाण्याआधी मी रोज बायबलमधलं एक स्तोत्र मनात वाचून मनन करतो. आज ती म्हणाली, "देवाशी रोज बोलता. आज मलाही ऐकू द्या की!"

मी 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे स्तोत्र मोठ्यानं वाचलं. मृत्यूच्या दरीतून जातानाही भिणार नाही, ही ओळ मात्र गाळली.

"अहो, एक ओळ राहिली. मला पाठ आहे."

मी ती वाचली.

"डॉक्टर किती दिवस म्हणाले?"

मी सांगितलं. ती रडली नाही, मी रडलो.

रोज देवाच्या वचनावर मनन करूनही मी तीन आठवडे तिच्याशी खरं बोललो नाही. तुम्ही बोलला असता का?