चंद्रीचं पेंढ्याचं पारडू

माझ्या कलेला भेटलेली पहिली खरी रसिक म्हणजे आमची म्हैस.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. मुंबईला चित्रकला शिकून मी कडावला परतलो होतो. मुलगा काय करतो असं कोणी विचारलं, की आमचे अण्णा ‘घरीच असतो’ एवढंच सांगून विषय बदलत. तेवढ्यात कळलं, की कर्जतला ‘माणूस आणि प्राणी’ या विषयावर प्रदर्शन भरतंय. तिथे नंबर काढायचा आणि अण्णांच्या तोंडून एकदा तरी बरा शब्द ऐकायचा, असा मी चंग बांधला. बांबू, पेंढा आणि गोणपाट घेऊन महिनाभर खपलो आणि तीन पायांचं, बिनडोक्याचं एक शिल्प उभं केलं. नाव दिलं ‘पोकळी’. (नाव तेवढं बरोबर आहे, असं अण्णांचं मत पडलं.)

नेमकं त्याच आठवड्यात आमच्या चंद्रीचं पारडू गेलं. म्हैस पान्हा सोडेना. अण्णा चरवी घेऊन बसले की लाथ! अशा वेळी आमच्याकडे मेलेल्या पारडाच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे ठेवतात. ती चाटते आणि दूध देते. पण अण्णांनी पारडू पुरूनही टाकलं होतं. मी बाजारात गेल्याचं बघून आईने डोकं चालवलं. पारडू ज्या गोणपाटावर निजायचं, ते तिने माझ्या शिल्पावर शिवलं, वरून मिठाचं पाणी शिंपडलं आणि ‘पोकळी’ थेट गोठ्यात नेऊन उभी केली. मी आलो तेव्हा चंद्री तिला डोळे मिटून चाटत होती आणि अण्णांची चरवी काठोकाठ भरली होती.

प्रदर्शन दुसऱ्या दिवशी! मी हातापाया पडलो. अण्णा हलेनात.

"न्यायचं तर म्हशीला पण ने. नायतर दोगं पण इथंच राहूदे."

सकाळी आमची वरात निघाली. बैलगाडीत शिल्प, मागे चंद्री, तिच्यामागे चरवी घेऊन अण्णा. कर्जतला मी म्हशीला हॉलबाहेर चिंचेला बांधलं. संध्याकाळी धारेची वेळ झाली, तिने हंबरडा फोडला, दावं तोडलं आणि थेट आत! चित्रं बघणारी मंडळी खुर्च्यांवर चढली. चंद्री कोणाकडे न बघता ‘पोकळी’ चाटू लागली. अण्णांनी शांतपणे उकिडवं बसून धार काढायला घेतली.

मुंबईहून आलेले परीक्षक पुढे आले. मला वाटलं, आता आपण संपलो.

"हा सगळा रचनेचाच भाग आहे का हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"अर्थात," मी म्हणालो. एवढं धडधडीत खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो.

पहिला नंबर! माझं नाव पुकारलं गेलं, पण मला जाता येईना, म्हणून अण्णाच चरवीसकट स्टेजवर गेले. त्यांच्यापुढे माईक धरला गेला.

"ह्यातलं मला काय कळत नाय," अण्णा म्हणाले. "पन मुक्या जनावराला पोराचं काम पटलं. म्हंजे चांगलंच केलंय त्यानं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

त्या दिवसाचा फोटो अजून घरात आहे. त्यात अण्णा आहेत, ढाल आहे, चंद्री तर ऐटीत उभी आहे. मी मात्र कडेला कमरेत वाकलेला दिसतो. काय करणार, संयोजकांनी बजावलं होतं, की हॉलमधलं शेण कलाकारानेच उचलायचं.